अकरा किलोमीटरचे टायर

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी कामं लिहून ठेवली की पार पडतात.

सकाळी मुलीचा फोन. डोंगरावरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. ३१ मार्चला तिथली मुदत संपते, बदली होते. म्हणाली, बाबा, तेवढ्यात एकदा तरी येऊन जा, मी कुठे काम करते ते बघ.

जाणारच आहे. मी नाही कधी म्हणालो? प्रश्न रस्त्याचा आहे. मोठ्या रस्त्यावरून वळलं की शेवटचे अकरा किलोमीटर कच्चा चढ. खडी, माती, वळणं. आपली गाडी दणदणीत आहे, पण टायर शहरी. अशा टायरवर डोंगर चढणं म्हणजे बेजबाबदारपणा. तेव्हा आधी ऑल-टेरेन टायर, मग प्रवास.

बायको म्हणाली की तिथपर्यंत बस जाते. ती तीनदा जाऊन आली आहे. तिची गोष्ट वेगळी. घरी एवढी गाडी असताना घरच्या कर्त्या माणसाने बसमधून उतरणं मुलीला कसं दिसेल?

संकल्प: आठ दिवसांत टायर ठरवणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टायरवाल्याकडे गेलो. त्याने टायरच्या खाचेत बोट घातलं आणि म्हणाला, अजून वर्षभर सहज चालतील, कशाला बदलता? धंद्यात दूरदृष्टी नसलेला माणूस. त्याला अकरा किलोमीटरचं सांगितलं. म्हणाला, त्या रस्त्याने दुधाची गाडी रोज जाते, तिचे टायर बघा एकदा.

मग त्याने विचारलं की एकूण चालवण्यात कच्चा रस्ता किती टक्के. साठ, म्हणालो. तो माझ्या गाडीकडे बघत राहिला. गाडी कालच धुतली होती, त्याचा हा तोटा.

९ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवस झाले. टायर ठरले नाहीत, पण तक्ता ठरला. तेवीस रकाने. नक्षीची खोली, बाजूच्या भिंतीचे थर, वजन पेलण्याचा आकडा, ओल्या रस्त्यावर ब्रेक, चिखल, वाळू, बर्फ. बर्फ इथे फक्त फ्रीजमध्ये असतो, तरी रकाना ठेवला. अभ्यास अर्धवट नको.

पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात सव्वीस वर्षं काढली ती काही फुकट नाही. आमच्याकडे कोणताही कागद घाईने निकालात निघत नाही. आधी नोंद, मग फाइल, मग शेरा: 'विचाराधीन'. टायरची फाइल आज उघडली. वर लाल दोरी बांधली.

बायकोने फाइल पाहिली. नुसती बाजूला सरकवली. तिच्या शिवणाच्या क्लासच्या बायका आल्या होत्या म्हणून असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात कॅप्टनशी चर्चा. कॅप्टन म्हणजे आमच्या कॅरम टीमचा कॅप्टन, पण बारा महिने सैनिकी रंगाची पँट घालतो आणि गाड्यांविषयी सगळं जाणतो. त्याच्याकडे स्कूटर आहे.

त्याचं मत: टायर हा माणसाच्या स्वभावाचा आरसा असतो. माझा स्वभाव त्याने 'ऑल-टेरेन, पण चिखलाकडे झुकणारा' असा सांगितला. बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी असं नीट ओळखलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुन्या टायरची चाचणी. मागच्या बांधकामाच्या प्लॉटवर वाळू पडली आहे तिथे गाडी घातली. अपेक्षेप्रमाणे रुतली. म्हणजे माझा मुद्दा सिद्ध.

मी उतरून निरीक्षण करत असताना शेजारची बाई स्कूटरवर पुढे-मागे पिशव्या लावून त्याच वाळूतून गेली. जाताना विचारलं, काही मदत हवी का. नको म्हणालो, चाचणी चालू आहे. दीड तासाने बांधकामावरच्या चौघांनी ढकलून बाहेर काढली. चाचणी यशस्वी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रात्री जेवताना बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. कशावरून निघालं ते कळलं नाही.

तिचा रोख बहुधा गेल्या वर्षीच्या प्रसंगावर असावा. तेव्हा आम्ही दोघं निघालो होतो. मोठा रस्ता सोडून कच्च्या चढाच्या पहिल्या वळणापर्यंत गेलोही होतो. समोरून ट्रक आला. मला मागे घ्यायची होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गाडी दोनदा बंद पडली. शेवटी ट्रकवाला खाली उतरला, मला बाजूला बसवलं आणि माझी गाडी त्याने मागे घेऊन दिली. मग तशीच खाली आणून दिली. भला माणूस.

कारण पूर्णपणे तांत्रिक होतं. टायरची पकड. इथे नोंद करून ठेवतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मुलीचा फोन. आवाज बसलेला. एक गाय अडली होती, वासरू उलटं होतं. ही आणि कंपाउंडर दोघं तीन तास खपत होते. दोन्ही जीव वाचले. म्हणाली, बाबा, ते वासरू उभं राहिलं ना, तेव्हा मला तुझी आठवण आली, तू हवा होतास.

मी तिला सांगितलं की बाजूच्या भिंतीला तीन थर असलेला टायर घ्यायचा की दोन, यावर निर्णय अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, कसले थर? तिला विषय समजायला जरा वेळ लागतो. मग म्हणाली, तारीख सांग. मी म्हणालो, मार्चचा पहिला पंधरवडा, नक्की.

फोन ठेवल्यावर वासराचं नाव काय ठेवलं ते विचारायचं राहिलं असं लक्षात आलं.

५ मार्च, बुधवार

निर्णय झाला! तेवीस रकान्यांची बेरीज करून एक टायर पहिला आला. दुसऱ्यापेक्षा अर्ध्या गुणाने. तो अर्धा गुण बर्फाचा.

टायरवाला म्हणाला, माप आहे तेच घ्या. कॅप्टन म्हणाला, एक माप मोठं घे, गाडी उंच होईल, पोटाला दगड लागणार नाहीत. टायरवाला म्हणाला, दगड आता तरी कुठे लागतायत? मी एक माप मोठंच सांगितलं. टायरवाल्याने मला विचारलं, विचार केलाय ना? या माणसाने माझी फाइल पाहिलेली नाही.

माल बाहेरून यायचा आहे. बारा दिवस लागतील. पहिला पंधरवडा हुकणार, पण त्यात माझा दोष शून्य.

९ मार्च, रविवार

मेहुणा आला होता. त्याच्याकडे ती चिमुकली जुनी गाडी, दार जोरात लावलं की आरसा हलतो. पुढच्या रविवारी भाचीला भेटून येऊ म्हणाला, तुम्हीही चला. त्याच्या टायरकडे नजर टाकली. गुळगुळीत. शिवाय मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसायचं.

नम्रपणे नकार दिला. माझे टायर वाटेत आहेत म्हणालो. तो म्हणाला, दाजी, टायर वाटेत आहेत, तुम्ही घरात आहात. मेहुण्याला विनोदाची समज बेताचीच.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ

बायको आणि मेहुणा सकाळी गेले, दिवेलागणीच्या आत परत. गाडीला काहीही झालेलं नाही. नशीब एकेकाचं.

मी बायकोला रस्त्याविषयी सविस्तर विचारलं. म्हणाली, रस्त्यासारखा रस्ता आहे. खडी किती मोठी? खडीएवढी. असा माणूस पाहणीला पाठवून काय उपयोग?

तिने फोटो दाखवला. दवाखान्याच्या पायरीवर मुलगी, मांडीवर करडू. वाळली आहे. हसते आहे, पण वाळली आहे. फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मागे रस्त्याचा थोडा भाग दिसत होता, त्यासाठी.

तिला निरोप द्यायला तिथले लोक ३० तारखेला अकरा वाजता कार्यक्रम करणार आहेत म्हणे. उत्तम. तीच तारीख पक्की. मुलीला लगेच फोन करून कळवलं. ती म्हणाली, नक्की ना, बाबा? मग मी लोकांना सांगते. सांग म्हणालो. शब्द म्हणजे शब्द.

१९ मार्च, बुधवार

टायर अजून नाहीत. वेळ वाया घालवला नाही. गाडीच्या टपावर लोखंडी कॅरियर बसवून घेतला. त्यावर ठेवायला फावडं, दोर, पाण्याचा कॅन. कॅप्टनच्या सल्ल्याने कॅरियरचे नट खास डिंक लावून कायमचे पक्के केले, चोरांनी काढू नये म्हणून.

आमच्या इमारतीच्या बेसमेंटमधून वर यायच्या चढावर सिमेंटचा आडवा बीम आहे. गाडी आत आणताना कॅरियर आणि बीम यांच्यात बरोबर एक बोट जागा राहिली. वॉचमनने डोळे मिटून घेतले होते. अंदाज असावा तर असा.

२६ मार्च, बुधवार

टायर आले! टायरवाला आपली माणसं आणि जॅक घेऊन घरीच आला. माझ्या देखरेखीखाली बेसमेंटमध्येच बसवून घेतले. दुकानात गेलं की ते घाई करतात.

काय दिसते गाडी! एकेक खाच अशी की अंगठा आत जावा. गाडी चांगली सव्वा इंच उंच झाली. वॉचमनने विचारलं, नवीन घेतली का. मी नुसतं हसलो. जाताना टायरवाला एकदा वर कॅरियरकडे, एकदा बीमच्या दिशेने बघत डोकं खाजवत होता. काहीतरी बोलणार होता, पण मी त्याला आभार मानून वाटेला लावलं.

जेवण झाल्यावर परत खाली जाऊन गाडीत बसून आलो. खरं सांगायचं तर आनंद झाला. आता कसलाच प्रश्न उरला नाही.

३० मार्च, रविवार. सकाळी ६.१०

निघालो. बायकोने नवी साडी नेसली आहे. आठला मोठा रस्ता सोडायचा, साडेनऊला दवाखाना. मुलीला कळवलं.

६.२५

निघालो नाही. कॅरियर बीमला अडला. किरकोळ.

६.५०

फावडं, दोर, कॅन काढले. कॅरियर तसाच अडतो. पान्याने नट निघत नाहीत. डिंक उत्तम प्रतीचा होता. कॅप्टनला फोन केला. म्हणाला, बीम तोडता येईल का? बायको म्हणाली, उंटावरचा शहाणा. त्याला ऐकू गेलं असावं, फोन कट झाला.

७.१०

वॉचमनची सूचना: गाडीत माणसं बसवा, वजनाने खाली बसेल. सोसायटीचे अध्यक्ष फिरायला निघाले होते, त्यांना विनंती केली. मागे ते, दूधवाला आणि वॉचमनचा भाऊ, पुढे बायको. गाडी जवळजवळ बसली. अर्धं बोट कमी पडलं.

७.२०

बायकोने घड्याळ पाहिलं. साडेसातची बस आहे, म्हणाली, चला, दोघं जाऊ, गाडी राहू दे. मी म्हणालो, आता अर्ध्या बोटाचा प्रश्न आहे आणि तू मैदान सोडतेस? तिने पिशवी घेतली आणि उतरली. ती उतरल्याबरोबर गाडी पुन्हा वर आली. हे तिला सांगितलं नाही.

८.४०

मार्ग सापडला. टायरची हवा सोडायची! मलाही सुचलंच होतं, वॉचमन आधी बोलला इतकंच. अध्यक्ष वगैरे मंडळी तोपर्यंत पांगली होती, पण आता त्यांची गरज नाही.

९.३०

चारी टायर चपटे करून गाडी बाहेर काढली. बीमला कॅरियरचा रंग थोडा लागला. हवा भरायचा पंप मी आधीच घेऊन ठेवला आहे. दूरदृष्टी.

१०.१५

पंपाच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की आठ मिनिटं चालवून दहा मिनिटं थांबावं. पहिला टायर अर्धा भरला. टायरच्या तक्त्यात पंपाचा रकाना नव्हता.

११.०५

मुलीचा फोन आला होता. पंपाच्या आवाजात कळला नाही. परत लावला, तिने उचलला नाही. कार्यक्रम सुरू झाला असणार.

दुपारी २.२०

चारी टायर तयार. गाडी सज्ज. पण आता निघालो तर वर पोचायला संध्याकाळ होणार, आणि नवे टायर पहिल्यांदा वापरताना पुरता उजेड असावा असं सगळेच सांगतात. ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं ते काही उगाच नाही, अति घाई संकटात नेई. सुरक्षा आधी.

मुलीला फोन करून सगळं तांत्रिक कारण समजावून सांगितलं. ती म्हणाली, हरकत नाही, बाबा. दोनदा म्हणाली. नेटवर्कमुळे आवाज बारीक येत होता.

१ एप्रिल, मंगळवार

मुलगी काल दवाखान्याच्या किल्ल्या देऊन मोकळी झाली, आज दुपारच्या बसने घरी आली. बायको परवाच परतली होती, दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

गाडी सध्या रस्त्यावरच उभी असते. आत न्यायची तर पुन्हा हवा सोडावी लागेल. मुलीने गाडीभोवती फेरी मारली, टायरवर हात फिरवला. छान आहेत, म्हणाली. मनापासून म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

तिची पुस्तकांची ट्रंक वरच राहिली आहे, कंपाउंडरकडे. बसमध्ये घेईनात. रविवारी तू आणि मी जाऊन आणू, म्हणाली. मी चालवते, तू टायरकडे लक्ष ठेव. अशी वाटणी असेल तर माझी हरकत नाही.

६ एप्रिल, रविवार

जाऊन आलो.

पहिल्या वळणावरच समोरून ट्रक. मी दाराच्या वरची मूठ धरली. मुलीने बोलता बोलता गाडी मागे घेतली, ट्रकला वाट दिली, त्याला हात केला आणि तोडलेलं वाक्य पुढे सुरू केलं. टायरचा काही संबंध आला नाही. गेल्या वर्षीही नव्हता. मी घाबरलो होतो. कुणी वाचणार नाही म्हणून लिहून टाकतो. तेव्हापासून तो चढ डोळ्यांपुढे आला की हाताला घाम सुटतो, आणि ते मुलीला कळू नये म्हणून मी पुन्हा गेलो नाही.

अकरा किलोमीटरला अर्धा तास लागला.

वर गाडी थांबली तर दहा-बारा माणसं जमली. एका म्हातारीने मुलीला विचारलं, हेच का टायरवाले बाबा? सगळे मला त्याच नावाने ओळखतात. मुलगी दोन वर्षं प्रत्येकाला सांगत होती, बाबा येणार आहेत, आणि फेब्रुवारीपासून, टायर मिळाले की येणार आहेत. कुणी थट्टा केली नाही. एकाने वाकून टायर पाहिले आणि मनापासून म्हणाला, मिळाले एकदाचे, बरं झालं.

दवाखान्याला कुलूप. किल्ली नव्या डॉक्टरकडे, तो उद्या येणार. खिडकीच्या काचेला कपाळ लावून आत पाहिलं. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर जनावरांचा तक्ता. बाकी अंधार. मुलगी म्हणाली, बाबा, तुला आत नेऊन दाखवायचं होतं. मला फार वाईट वाटलं.

ट्रंक गाडीत चढवताना मुलगी त्या वासराला बघायला गेली होती. कंपाउंडर माझ्याशी गप्पा मारत होता. म्हणाला, मॅडमना पलीकडच्या डोंगरावरच्या मोठ्या दवाखान्यात नेमत होते, मुख्य डॉक्टर म्हणून. त्यांनी नको म्हणून लिहून दिलं. खालची, सपाटीवरची छोटी जागा मागून घेतली. दारात बस थांबते तिथे. वडिलांना यायला सोपं पडेल म्हणाल्या. त्याला वाटलं मला माहीतच असेल. मी मान हलवली.

उतरताना मुलगी म्हणाली, इतका गप्प का आहेस? टायरचा आवाज ऐकतोय म्हणालो. बराच येतो ना, म्हणाली. हो म्हणालो, आणि घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिलो.